हा विषय झालाय

आमच्या इमारतीच्या सूचनाफलकावर सध्या एक कागद लावलेला आहे : ‘जिन्यात, गच्चीवर किंवा गाड्या लावण्याच्या जागेत सेक्रेटरींच्या परवानगीशिवाय कोणीही विषय काढू नये.’ कागदावर माझं नाव नाही. पण तो वाचून झाला की प्रत्येक जण माझ्या दाराकडे बघतो, त्यामुळे नाव घालायची गरजच पडलेली नाही. मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते, आवाज चढवून बोलत नाही, जिन्यातून जाताना भिंतीच्या कडेनं जाते. अशा बाईवर ही वेळ कशी आली, ते एकदा नीट सांगायला हवं.

सुरुवात बिस्किटानं झाली.

संध्याकाळचा चहा चालला होता आणि बाबांच्या रेडिओवर बातम्या नुकत्याच संपल्या होत्या. मग निवेदिका म्हणाली, की बऱ्याच वर्षांपूर्वी बंद पडलेला ‘अजून जागे आहात?’ हा रात्री उशिराचा गप्पांचा कार्यक्रम पुन्हा सुरू होतोय, निवेदक तेच आहेत, आणि सुरुवातीचे विषय श्रोत्यांनीच सुचवायचे आहेत. त्याच क्षणी बाबांचं बिस्किट चहात पडलं.

हे किती मोठं लक्षण आहे ते बाहेरच्या माणसाला कळणार नाही. माझे वडील वजन-मापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. बिस्किट चहात किती बुडवायचं आणि कधी बाहेर काढायचं, यात त्यांची चूक झालेली मी जन्मात पाहिलेली नव्हती. त्या दिवशी बिस्किट पडलं, बुडालं, तळाला गेलं, तरी ते रेडिओकडेच बघत राहिले.

आई गेल्यापासून बाबा आमच्याकडे राहतात. येताना ते एक पेटी, एक रेडिओ आणि मोजके शब्द घेऊन आले होते : हो, नको आणि असू दे. ‘बाबा, खिडकी लावू?’ ‘असू दे.’ ‘बाबा, आज बरं वाटतंय ना?’ ‘असू दे.’ डॉक्टरांनी त्यांना तपासलं आणि सगळं उत्तम आहे असं सांगितलं. त्यावर बाबा डॉक्टरांनाही ‘असू दे’ म्हणाले.

आणि हा तोच माणूस, जो ‘अजून जागे आहात?’ लागला की आईच्या जोडीनं रोज रात्री रेडिओशी भांडायचा.

मी त्याच संध्याकाळी ठरवलं. बाबांना बोलतं करील असा एक विषय शोधायचा आणि कार्यक्रमाला सुचवायचा. तो रेडिओवर लागला की पुढचं आपोआप होईल.

“याचा शेवट चांगला होणार नाही,” नवरा म्हणाला. तो विम्याच्या कंपनीत नुकसानभरपाईचे दावे तपासतो. कशाचाही शेवट चांगला होणार नाही, हे त्याचं कामावरचं मत आहे आणि तो ते घरी घेऊन येतो.

प्रयोगशाळेत आम्ही तपासल्याशिवाय काहीही पुढे पाठवत नाही. विषयाचंही तसंच करायचं मी ठरवलं. आधी घरात, मग जिन्यात. तुलनेसाठी शेजारच्या काकू होत्याच. काकू कोणत्याही विषयावर बोलतात, विषय नसला तरी बोलतात. तेव्हा ज्या विषयावर काकू गप्प बसतील तो विषय मेलेला समजायचा, इतकी ही पद्धत सोपी होती.

पहिला विषय मी नवऱ्यावर तपासला. जेवताना सहज विचारलं, “रात्री झोपताना पंखा कितीवर असावा?”

त्यानं घास खाली ठेवला. “म्हणजे इतकी वर्षं तू हे मनात ठेवलं होतंस तर.”

“अरे, मी प्रयोग म्हणून विचारतेय.”

“प्रयोग! भर थंडीत चारवर पंखा लावून माझ्यावर प्रयोगच चाललाय गेली कित्येक वर्षं. मी कधी तक्रार केली? केली का तक्रार? बाबा, तुम्हीच सांगा.”

“असू दे,” बाबा म्हणाले.

नवरा त्या रात्री बोलणं बंद करून, उशी घेऊन बाहेरच्या खोलीत झोपला. विषय जिवंत असल्याची मी मनात नोंद केली. बाबांवर परिणाम शून्य.

दुसरा विषय होता, ‘निघतो म्हटल्यावर पाहुण्यानं दारात किती वेळ उभं राहावं?’ हा मी जिन्यात काकूंना विचारला, आणि तिथंच चुकलं. काकू म्हणाल्या, “हे बघ, निघतो म्हटलं की निघावं. मला नाही बाई ते दारात रेंगाळणं आवडत.” आणि मग, न रेंगाळण्याचे फायदे सांगत, त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या. तेवढ्यात खालून वरच्या मजल्यावरच्या प्राध्यापकांची नवी गादी घेऊन दोन हमाल आले. दाताचे डॉक्टर खाली उतरत होते, सेक्रेटरी वर चढत होते. गादी वळणावर अडकली ती अडकलीच. हमालांनी ती तिथंच टेकवली आणि ते पाणी प्यायला गेले. काकू गादीवर बसल्या आणि बोलायला जरा सोयीचं झालं म्हणाल्या.

“मी म्हणतो, दारात थांबण्यात आपुलकी असते,” सेक्रेटरी गादीच्या पलीकडून म्हणाले.

“निघायचं तर निघावं,” डॉक्टर अलीकडून म्हणाले.

“तुमचं बरोबर आहे डॉक्टर. तुमच्याकडून लोक पळतच निघतात.”

त्यानंतर दोघांचं बोलणं बंद झालं. गादी मात्र दुसऱ्या सकाळपर्यंत तिथंच होती, आणि प्राध्यापक त्या रात्री जुन्या गादीवर झोपले की गादीशिवाय, हे त्यांनी मला सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवशी ते ज्या पद्धतीनं पाठीला हात लावून माझ्यासमोरून गेले, त्यावरून मी समजले.

मी कार्यक्रमासाठी विषय शोधतेय ही बातमी फुटली, आणि मग प्रत्येकाकडे विषय निघाला. डॉक्टरांचा विषय दात. सेक्रेटरींचा गाड्या कुठं लावाव्यात. काकू म्हणाल्या, “आजकालच्या सुना. मी कुणाचं नाव घेत नाही हं, फक्त विषय देते,” आणि घरातून सुनेनं “ऐकू येतंय मला!” असं ओरडून विषयाला पाठिंबा दिला. प्राध्यापक स्वतः खाली आले. त्यांचा विषय ‘एकाकी मानव : एक चिंतन’ असा होता आणि तो त्यांनी मला उभ्यानं समजावून सांगितला. सगळे विषय मी जेवणाच्या टेबलावर बाबांच्या कानावर घालत होते. बाबा जेवत होते.

शेवटी, निदान पंख्याचा तरी पाठवून टाकू, म्हणून मी रेडिओ केंद्राच्या नंबरवर फोन लावला. तिथं यंत्र बोलतं. विषय सुचवायचा असेल तर हे दाबा, पुन्हा ऐकायचं असेल तर ते दाबा. मी दाबलं. “आपला विषय मोजक्या शब्दांत सांगा,” यंत्र म्हणालं, आणि मग काहीच नाही. शिट्टी नाही, खरखर नाही. मी वाट पाहिली. नंतर विचारलं, “हॅलो, ऐकू येतंय का?”

“धन्यवाद,” यंत्र म्हणालं. “आपला विषय नोंदवला आहे. ‘हॅलो, ऐकू येतंय का.’ एका श्रोत्याला एकच विषय सुचवता येईल.” आणि फोन बंद झाला.

नवरा सोफ्यावर हसून हसून आडवा झाला. त्यानं बोलणं पुन्हा सुरू केलं, एवढाच त्यातला फायदा. मी मात्र आयुष्यात एकही अहवाल चुकीचा पाठवलेला नाही. तो विषय माझ्या नावावर राहणार, या कल्पनेनं मला नीट जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी रेडिओ केंद्रावर गेले.

आत शिरताच मऊ जाजमाचा जुना वास आला. लांब बोळ, दारांवर लाल दिवे, आणि सगळे लोक इतक्या हळू बोलत होते की मला पहिल्यांदाच कुठंतरी आपलं वाटलं. खिडकीपलीकडे एक गृहस्थ बसले होते. मी त्यांना सगळं सांगितलं.

“विषय रद्द करता येईल,” ते म्हणाले. “पण रद्द करायचे अर्ज विषय प्रसारित झाल्यावर घेतो आम्ही.”

“प्रसारित झाल्यावर रद्द करून काय करू?”

“तसं विचारलं नाही आजवर कुणी.” त्यांनी थोडा विचार केला. “घरातल्या दुसऱ्या कुणाच्या नावानं द्या ना विषय. त्यांनी स्वतः येऊन सही करायची. आणि खाली लिहून द्यायचं की हा विषय या कार्यक्रमात पूर्वी झालेला नाही.”

“पूर्वी कोणते झाले त्याची यादी कुठं मिळेल?”

“यादी नाही. टेप होत्या. त्यांच्यावर नंतर हवामानाचे अंदाज भरले.”

“मग झालेला नाही हे कळणार कसं?”

“मॅडम,” ते खिडकीतून पुढे वाकले आणि घरच्यासारखं बोलले, “सगळे सही करतात. एक ओळ आहे. करून टाका.”

इथं दुसऱ्या कुणीही सही करून टाकली असती आणि ही गोष्ट संपली असती. पण मी न तपासलेल्या गोष्टीखाली सही करत नाही. पाण्यात एखादी गोष्ट सापडली नाही, असं मी लिहून देते. ती नाहीच, असं कधीही लिहून दिलेलं नाही. हे मी त्यांना शांतपणे समजावून सांगितलं. माझ्यामागे रांग वाढत गेली. रांगेतला एक जण म्हणाला, “बाई, विषय द्यायचाय की पाणी?”

घरी येऊन मी पर्स टेबलावर आपटली. मी सहसा वस्तू आपटत नाही, त्यामुळे बाबांनी वर पाहिलं.

“बाबा, तुम्हाला केंद्रावर यावं लागेल,” मी म्हटलं. “सही करायला. आणि सही कशावर, तर पंख्याचा विषय पूर्वी झालेला नाही यावर. आता हे सांगणार कोण, मी विचारते! कुठं यादी नाही, टेप नाही…”

“तो झालाय,” बाबा म्हणाले.

सोफ्यावरचा नवरा उठून बसला.

“कोणता?”

“पंख्याचा. झालाय तो विषय. मी नाही खोट्यावर सही करणार.” बाबांनी खुर्ची टेबलाकडे ओढली. “तू शाळेत होतीस. उन्हाळ्याचे दिवस. तुझी आई म्हणाली, दोनवर. मी म्हटलं, चारवर. ती म्हणाली, मग तुम्ही गच्चीवर जा, तिथं पंख्याला आकडेच नाहीत. तेवढ्यात एका माणसाचा फोन लागला. त्याच्या घरी पंखाच नव्हता. आपण सगळे किती सुखी आहोत ते तो इतक्या शांतपणे सांगायला लागला, की आम्ही आपलं सोडून दोघंही त्याच्यावर उखडलो.” त्या माणसावरचा राग अजून ताजा होता आणि तो बाबांना चांगला मानवत होता. “चारवरच असावा. तुझं बरोबर आहे.”

“घ्या,” नवरा म्हणाला. पण हळू म्हणाला.

मी घाईघाईनं विचारलं, “आणि पाहुण्यांनी दारात उभं राहण्याचा?”

“झालाय. दोन रात्री चालला. पहिल्या रात्री संपेना.”

आमच्या जुन्या घरात माझी खोली त्यांच्या खोलीला लागून होती. मधली भिंत पातळ. ते दिवा मालवून रेडिओ लावायचे, आणि दाराच्या फटीतून फक्त तबकडीचा पिवळा उजेड दिसायचा. आई अंधारातच विणायची. तिची बोटं बघून चालत नसत. ती टेलिफोन खात्यात होती, दिवसभर लोकांचे फोन जोडून द्यायची. म्हणून कार्यक्रमाला फोन करायची तिनं बाबांना बंदी घातलेली होती : ‘दिवसभर माझ्या कानात तेच असतं. रात्री त्या फोनला हात लावाल तर बघा.’ मग बाबा रेडिओलाच सांगायचे. निवेदकानं ‘तुम्हाला काय वाटतं?’ असं विचारलं की दोघं एकदम उत्तर द्यायचे. भिंतीपलीकडून शब्द कळत नसत. बाबांचा आवाज तुकड्यातुकड्यांनी यायचा, आईचा लांबच लांब. परीक्षेच्या आदल्या रात्रीसुद्धा मी त्या आवाजावर झोपलेली आहे. कार्यक्रम संपला की रेडिओची खरखर सुरू व्हायची आणि चालूच राहायची. मग जाग येऊन मी पाय आपटत त्यांच्या खोलीत जायचे, तर दोघंही गाढ झोपलेले. इतकी बोलणारी माणसं इतक्या चटकन झोपतात कशी, हा मला पडलेला पहिला शास्त्रीय प्रश्न. मी बटण फिरवायचे आणि परत यायचे.

बाबांना सगळं आठवतं, ही बातमीही जिन्यातून फुटली. संध्याकाळी लोक आपापले विषय घेऊन आमच्याकडे यायला लागले. बाबा खिडकीशी खुर्चीत बसायचे आणि एकेक विषय हातात वजन घेऊन बघावं तसा बघायचे.

“दात,” डॉक्टर म्हणाले.

“झालाय. फोन करणाऱ्यांपैकी निम्म्यांचं बोलणंच कळत नव्हतं. माझी बायको म्हणाली, विषय चांगला, पण कवळी लावून बोला म्हणावं.”

“गाड्या लावण्याची जागा,” सेक्रेटरी डॉक्टरांकडे न बघता म्हणाले.

“झालाय. तेव्हा सायकली होत्या. भांडण हेच होतं.”

काकू पदर सावरून पुढे आल्या. “सुनांचा तर झालाच असेल.”

“तीनदा. पहिल्यांदा सासवांनी फोन केले, दुसऱ्यांदा सुनांनी. तिसऱ्यांदा मुलांना बोलावलं होतं, तर कुणाचाच फोन आला नाही.”

“आणि तुमच्या मिसेस काय म्हणाल्या होत्या हो?”

“ती म्हणाली, मला सून नाही, त्यामुळे मी कुणाची बाजू घेणार नाही. आणि मग तासभर सुनांच्या बाजूनं बोलली.”

आतून काकूंच्या सुनेचा आवाज आला नाही, कारण ती आमच्याच स्वयंपाकघरात सगळ्यांचा चहा करत होती. पण चहात त्या दिवशी आलं जास्त होतं.

प्राध्यापकांनी घसा साफ केला. “एकाकी मानव : एक चिंतन.”

“झालाय.”

“असं? प्रतिसाद कसा होता?”

“शांत,” बाबा म्हणाले. “आम्ही दोघं लवकर झोपलो.”

आता मला दुसरीच शंका यायला लागली. सगळेच विषय कसे झालेले असतील? माणूस एकदा बोलायला लागला की बोलण्यासाठी रचायलाही लागतो. म्हणून मी एक खोटा नमुना मध्ये सरकवला. सकाळी ते मोजे घालत असताना विचारलं, “बाबा, आधी डाव्या पायात मोजा घालावा की उजव्या, हा झाला होता का विषय?”

त्यांनी बराच विचार केला. “नाही. हा नाही झाला.” मग माझ्याकडे पाहिलं. “पण वजनाला कमी आहे. एका फोनमध्ये संपेल. आणि मला तपासू नकोस, मी माणसं तपासण्यात जन्म घालवलाय.”

मी शरमले. पण नमुना खरा आहे, हे सिद्ध झालं.

अडचण आता उलट बाजूनं आली. विषय देण्याची मुदत उद्या संपणार होती आणि बाबांच्या नावानं द्यायला झालेला नसेल असा एकही विषय नव्हता. जिन्यातल्या भानगडींमुळे सूचनाफलकावरचा तो कागदही त्याच दुपारी लागला. आणि मला खरी भीती वेगळीच होती. मुदत संपली की लोक विचारायला यायचे थांबतील, आणि बाबा पुन्हा ‘असू दे’वर जातील. कार्यक्रमात त्यांचा स्वतःचा विषय असेल तर ते त्याची वाट बघतील. वाट बघणारा माणूस बोलतो.

रात्री जेवणं झाल्यावर बाबा म्हणाले, “एक राहिलाय.”

“कोणता?”

“रेडिओ कोणी बंद करायचा.”

मला कळलं नाही.

“आम्ही दोघं अंथरुणात. रेडिओ कपाटावर. कार्यक्रम संपला की उठायचं कुणी? मी म्हणायचो, तुझ्या बाजूला आहे. ती म्हणायची, हात तुमचा लांब आहे. मी म्हणायचो, काल मी उठलो. ती म्हणायची, तुम्ही काल पण हेच म्हणालात. रोज. एक रात्र चुकली नाही.” बाबांनी बोटानं टेबलावरचा एक कण बाजूला केला. “हा विषय कार्यक्रमात झालेला असणं शक्यच नाही. कार्यक्रम चालू असताना हा प्रश्नच नसायचा. तो संपल्यावरच निघायचा.”

मी त्यांचं म्हणणं उलटसुलट करून पाहिलं. कुठूनही फट नव्हती. ‘नाही’ असं खात्रीनं लिहून देता येईल अशी इतकी पक्की गोष्ट माझ्या नोकरीत कधी माझ्यासमोर आलेली नव्हती.

“मग उठायचं कोण शेवटी?” नवऱ्यानं विचारलं.

“ते कधी ठरलंच नाही,” बाबा म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले. मग स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, “आता काय. आता मीच करतो बंद.”

दुसऱ्या दिवशी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याबरोबर केंद्रावर आले. खिडकीतल्या गृहस्थांनी मला ओळखलं आणि पाण्याचा पेला आधीच बाजूला सरकवला. बाबांनी चष्मा पुसला, पूर्ण कागद वाचला, एक शब्द चुकलेला होता तो दुरुस्त करून घेतला आणि मग सही केली.

गृहस्थांनी विषय वाचला. “रेडिओ कोणी बंद करायचा,” ते हसले. “यात काय विषय आहे आजोबा? आमच्याकडे बायको उठते.”

“का?” शेजारच्या खिडकीतल्या बाईंनी मान वळवून विचारलं.

“का म्हणजे? ती दाराच्या बाजूला झोपते.”

“दाराच्या बाजूला तिला झोपवलं कुणी?”

“झोपवलं नाही हो, ती आपली पहिल्यापासून…”

“पहिल्यापासून! बघा हं, ‘पहिल्यापासून’ म्हणे!” बाई उठूनच आल्या. मागच्या टेबलावरचे दोघं फायली ठेवून आले. लाल दिव्याचं एक दार उघडलं आणि कुणीतरी “हळू बोला, आत रेकॉर्डिंग चालू आहे,” असं म्हणून स्वतःचं मत देऊन गेलं. आम्ही निघालो तेव्हा बाबा जिन्याच्या कठड्याला धरून हसत होते.

“वजनाला पुरेपूर आहे,” ते म्हणाले.

कार्यक्रमाच्या पहिल्या रात्री मी बाबांच्या खोलीत खुर्ची ओढून बसले. पाय त्यांच्या पलंगाच्या कडेवर टेकवले, अंगावर शाल घेतली. रेडिओ त्यांनी कपाटावर ठेवला होता. उशाशी जागा असूनही कपाटावर. दिवा मालवला. पिवळी तबकडी उजळली आणि तो जुना आवाज आला, जरा घोगरा झालेला : “अजून जागे आहात?”

“हो,” बाबा म्हणाले.

“पहिल्या रात्रीसाठी,” निवेदक म्हणाले, “एका श्रोत्या भगिनीनं इतका साधा आणि इतका खोल विषय सुचवलाय, की तो वाचून आम्ही सगळे क्षणभर गप्प झालो. विषय आहे : हॅलो, ऐकू येतंय का?”

मी शाल डोक्यावरून ओढून घेतली. बाहेरच्या खोलीतून नवऱ्याचं हसणं आणि मग खोकला ऐकू आला. वरच्या मजल्यावर प्राध्यापक जागे होते. त्यांची खुर्ची जोरात सरकल्याचा आवाज आला, आणि त्यांच्या चिंतनाला डावलून हे निवडलं गेल्याचं दुःख त्या आवाजात स्पष्ट होतं. लोक फोन करू लागले. घरात आपलं कुणी ऐकतच नाही, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. एक बाई रडल्या.

“वजनाला कमी आहे,” बाबा अंधारातून म्हणाले.

“बाबा, तो माझा विषय आहे.”

“म्हणूनच सांगतोय. त्या बाईला विचार म्हणावं, तू तरी कुणाचं ऐकतेस का? आणि हा बघ, हा दुसरा. अरे, तुझा मुलगा ऐकत नाही, कारण तू एकच गोष्ट तीनदा सांगतोस. आत्तासुद्धा तीनदा सांगितलीस.”

“त्याचं काय चुकलं? मुलानं पहिल्यांदाच ऐकावं.”

“तू ऐकायचीस?”

“मी ऐकायचे!”

असं ते शेवटपर्यंत चाललं. मी किती बोलले ते मला आठवत नाही; पण घसा दुखत होता, आणि याआधी कधी माझा घसा बोलून दुखल्याचं मला आठवत नाही. निरोप घेताना निवेदक म्हणाले, “उद्याचा विषय एका ज्येष्ठ श्रोत्यांनी दिलाय : रेडिओ कोणी बंद करायचा? विचार करून ठेवा.” मग धून वाजली. मग खरखर.

खरखर चालू राहिली.

“बंद कर गं,” बाबा म्हणाले.

“तुमच्या बाजूला आहे.”

“मी ज्येष्ठ आहे. आत्ताच सांगितलं त्यांनी.”

“मला सकाळी कामावर जायचंय.”

“हात तुझा लांब आहे.”

“मी खुर्चीत आहे बाबा, माझे पाय वर आहेत.”

दोघंही हललो नाही. थोड्या वेळानं बाहेरच्या खोलीतून आवाज आला, “अरे, कुणीतरी बंद करा तो रेडिओ!” आणि मग पलंग करकरला, पाय आपटत कुणीतरी यायला लागलं.

“शू,” बाबा घाईनं कुजबुजले. “डोळे मीट.”

मी अंधारात त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी डोळे घट्ट मिटले होते आणि श्वास संथ करून झोपलेल्या माणसाचं तोंड केलं होतं. त्या तोंडाची मला चांगली ओळख होती. पिवळ्या उजेडात, दाराच्या फटीतून आत येऊन, अर्धवट झोपेत मी ते लहानपणी रोज बघितलेलं होतं. आणि शेजारी आईचंही, अगदी तसंच.

पावलं दाराशी आली. मी शाल हनुवटीपर्यंत ओढली आणि डोळे मिटले.